व्हॅलरंटचा नवा अ‍ॅक्ट आणि बदलणारे डावपेच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॅलरंट या पाच विरुद्ध पाच अशा संगणकीय नेमबाजीच्या खेळाच्या दर नव्या अ‍ॅक्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे तेच ते प्रश्न नव्याने येतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा विचारले जातात ते येथे एकत्र केले आहेत. खेळाची तोंडओळख असलेला वाचक गृहीत धरला आहे. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सीझन, अ‍ॅक्ट, एपिसोड, पॅच हे सगळे एकच का? नेमके काय केव्हा बदलते?

हे एकच नव्हेत. जून २०२० मध्ये खेळ सुरू झाल्यापासून २०२४ अखेरपर्यंत एका एपिसोडमध्ये तीन अ‍ॅक्ट अशी रचना होती. जानेवारी २०२५ पासून खेळ बनवणाऱ्या रायट गेम्सने एपिसोड बंद करून वर्षाचा एक सीझन आणि त्यात सहा अ‍ॅक्ट अशी मांडणी केली, म्हणजे एक अ‍ॅक्ट साधारण दोन महिने चालतो. पॅच हा त्याहून लहान तुकडा असून तो बहुधा दोन आठवड्यांच्या अंतराने येतो. नवा नकाशा, नवा एजंट (खेळण्याचे पात्र) किंवा नवी बंदूक अशा मोठ्या गोष्टी सहसा अ‍ॅक्टच्या सुरुवातीला येतात. मात्र हा नियम नाही, सवय आहे, आणि ती मोडल्याचे ठळक उदाहरण प्रश्न ६ मध्ये आहे.

२. प्रत्येक अपडेटनंतर खेळ पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो का?

मुळीच नाही. तेरा राउंड जिंकणाऱ्याचा सामना, बारा राउंडनंतर बाजूंची अदलाबदल, शंभर सेकंदांचा राउंड, आक्रमकांनी स्पाइक हा बॉम्ब लावल्यापासून तो फुटेपर्यंत ४५ सेकंद, डिफ्यूज (निकामी) करायला ७ सेकंद आणि निम्मे काम झाले की साडेतीन सेकंदांवर ते टिकून राहणे, हा सांगाडा वर्षानुवर्षे तसाच आहे. पिस्तूल राउंडला, म्हणजे प्रत्येक अर्ध्याच्या पहिल्या राउंडला, ८०० क्रेडिट (खरेदीचे पैसे), जिंकल्यास ३०००, आणि ओळीने हरत गेल्यास १९००, २४०० व २९०० ही पैशांची घडीही सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. अपडेट या घडीतल्या एखाद्या वस्तूची किंमत बदलते. ती किंमत कधी क्रेडिटमध्ये असते, कधी सेकंदांत आणि कधी मीटरमध्ये. बदल या तिन्हींपैकी कशात झाला आहे एवढे ओळखता आले, तर डावपेच कुठे बदलायचे हे बहुतेक वेळा आपोआप कळते.

३. पॅचची टिपणे फार लांबलचक असतात. त्यांतले काय वाचावे आणि काय सोडावे?

आधी आपण खेळत असलेले दोन-तीन एजंट वाचावेत. मग आपल्याला सर्वाधिक त्रास देणारे एजंट वाचावेत. ही दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात. त्यानंतर बंदुका आणि शील्ड. येथे आकडा किती बदलला यापेक्षा तो १००, १२५ किंवा १५० यांपैकी एखादी रेषा ओलांडतो का, हे पाहावे. त्या रेषांचा अर्थ पुढच्याच उत्तरात दिला आहे. १३० चा १३५ झाला तरी खेळात काही हलत नाही, पण १४८ चा १५० झाला तर सगळ्यांची खरेदी बदलेल. स्किन, बॅटलपास आणि दृश्य सुधारणांचा भाग डावपेचांपुरता खुशाल सोडून द्यावा.

४. एक नवी बंदूक आली म्हणून सगळ्या संघाची खरेदी का बदलते? मी तर ती बंदूक घेतच नाही.

आपण घेत नसलात तरी समोरचा घेतो, आणि आपले शील्ड त्या बंदुकीसाठी पुरेसे आहे की नाही हा प्रश्न आपलाच असतो. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे ९ जानेवारी २०२४ रोजी आठव्या एपिसोडच्या पहिल्या अ‍ॅक्टबरोबर आलेली आउटलॉ.

खेळाडूची हेल्थ १००. हलके शील्ड ४०० क्रेडिटना मिळते आणि २५ ची भर घालते. जड शील्ड १००० क्रेडिटना मिळते आणि ५० ची भर घालते. म्हणजे समोरचा माणूस १००, १२५ किंवा १५० चा असतो. आता स्नायपर बंदुकांची अंगावर बसणारी एक गोळी पाहा. ९५० क्रेडिटची मार्शल १०१ चे नुकसान करते, ४७०० क्रेडिटची ऑपरेटर १५० चे. या दोहोंमध्ये मोठी पोकळी होती, आणि त्या पोकळीत हलके शील्ड घातलेला माणूस निश्चिंत फिरत होता : मार्शलच्या एका गोळीने तो मरत नव्हता आणि ऑपरेटर घेण्याइतके पैसे त्या राउंडला कोणाकडे नसत. २४०० क्रेडिटची आउटलॉ अंगावर १४० चे नुकसान करते. हलक्या शील्डचे सगळे गणित त्या दिवशी कोलमडले.

याचा परिणाम सर्वाधिक दिसतो तो तिसऱ्या राउंडमध्ये. समजा, आपण पिस्तूल राउंडमध्ये सगळे ८०० खर्चून हरलात, दुसऱ्या राउंडला काही न घेता पुन्हा हरलात. तिसऱ्या राउंडला हातात १९०० आणि २४०० मिळून ४३०० असतात, शत्रूला टिपले असेल तर दरडोई २०० अधिक. व्हँडल रायफल आणि जड शील्ड यांना ३९०० लागतात, उरतात ४००. आउटलॉ आणि जड शील्ड यांना ३४०० लागतात, उरतात ९००, आणि त्यात एखादा स्मोक (धूर) किंवा फ्लॅश (डोळे दिपवणारा झोत) बसतो. समोरचा विजयी संघ मात्र त्या राउंडला अनेकदा जुनीच स्पेक्टर बंदूक आणि हलके शील्ड घेऊन पैसे वाचवत असतो. अशा संघाविरुद्ध लांब पट्ट्यावर उभा असलेला आउटलॉवाला प्रत्येक अचूक गोळीला एक माणूस उतरवतो.

म्हणून जिंकणाऱ्या संघाला आमचा सल्ला : दुसऱ्या राउंडलाच जड शील्ड घ्या. स्पेक्टरचे १६०० आणि शील्डचे १००० मिळून २६०० होतात, जे विजयाच्या ३००० मध्ये बसतात. जड शील्डवाल्याला आउटलॉची एक गोळी लागली तर १० हेल्थ उरते. दहा म्हणजे फार नव्हे, पण आडोशाला जाण्याइतका जीव असतो. बंदुकीत दुसरी गोळी तयार असते, हे मात्र विसरू नये.

५. २०२४ च्या उत्तरार्धात आलेले रीजन शील्ड कोणत्या वेळी घ्यावे?

६५० क्रेडिटचे हे शील्ड २५ चे संरक्षण देते आणि ते संपल्यावर आपल्या साठ्यातून पुन्हा भरून येते. हा साठा ५० चा असतो. लहानसहान जखमा होत राहणाऱ्या राउंडमध्ये, म्हणजे ग्रेनेड, आगीचे डाग आणि दुरून येणाऱ्या चुकार गोळ्या यांच्यात, ते हलक्या शील्डपेक्षा निश्चित चांगले. परंतु एका क्षणी अंगावर २५ च असतात, त्यामुळे एका गोळीच्या हिशेबात आपण १२५ चेच. प्रश्न ४ मधली आउटलॉ जशी हलक्या शील्डला भेदते तशीच यालाही भेदते. फँटम रायफलीबाबतही हेच लक्षात ठेवावे : तिचा हेडशॉट १५ मीटरपर्यंत १५६ चा असतो, १५ ते ३० मीटरमध्ये १४० चा. मधल्या अंतरावर जड शील्डवाला त्या गोळीतून वाचतो, रीजनवाला वाचत नाही. व्हँडलपुढे हा सगळा विचार व्यर्थ आहे, कारण तिचा हेडशॉट कोणत्याही अंतरावर १६० चाच असतो.

६. माझ्या आवडत्या एजंटला नर्फ (कमजोर) केले. त्याला सोडून द्यावे का?

आधी पाहावे की नेमके काय काढून घेतले. आकडा घटवला असेल तर सहसा सोडण्याची गरज नसते, परंतु कामाची पद्धतच बदलली असेल तर त्या एजंटकडे नवा एजंट म्हणूनच पाहावे लागते.

चेंबरचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला हा एजंट वर्षभर जवळपास प्रत्येक सामन्यात दिसत होता. तो दोन अँकर (टेलिपोर्टचे तळ) ठेवून त्यांच्यामध्ये निसटत असे आणि त्याचा सापळा नकाशाच्या दुसऱ्या टोकालाही पहारा देत असे. डिसेंबर २०२२ च्या ५.१२ पॅचने, म्हणजे अ‍ॅक्ट चालू असतानाच, दोन अँकरऐवजी एकच अँकर आणि त्याभोवती १३ मीटरचे वर्तुळ असा नियम आणला. टेलिपोर्टनंतर बंदूक हातात यायला ०.४ ऐवजी ०.७ सेकंद लागू लागले. सापळा तर चेंबर लांब गेला की निष्क्रिय होऊ लागला.

कागदावर हे तीन बदल वाटतात, पण खेळाडूसाठी ती एकाच कामाची समाप्ती होती. पूर्वी चेंबर एका साइटवर (स्पाइक लावण्याच्या जागी) ऑपरेटर घेऊन उभा राहून दुसरीकडची पाठही राखत होता, आता दोहोंपैकी एक निवडावे लागते. प्रस्तुत लेखकाने हे मान्य करायला तीन आठवडे घेतले. जुन्याच कोपऱ्यात उभे राहायचे, गोळी झाडायची, निसटायचे, आणि हातात बंदूक येण्याआधी मरायचे, असे त्या तीन आठवड्यांचे वर्णन करता येईल. चूक नेमकी त्या तीन दशांश सेकंदांत होती. निसटण्याची जागा शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात ठेवण्याची सवय पूर्वी खपून जात होती, आता खपत नव्हती. अँकर भिंतीआड नेल्यावर एजंट पुन्हा खेळण्याजोगा झाला, आणि नंतरच्या एका पॅचमध्ये त्याला थोडेफार परतही मिळाले.

७. माझ्या एजंटमध्ये काहीच बदल नाही, तरी माझा खेळ का बिघडला?

कारण आपल्या एजंटचे शेजारी बदलले. चेंबर मागे पडताच ऑपरेटर घेण्यासाठी जेट पुन्हा पुढे आली, आणि साइट राखण्याचे काम किलजॉयकडे गेले. २०२३ च्या सुरुवातीला साओ पावलो येथे झालेल्या आणि फ्नॅटिकने जिंकलेल्या लॉक-इन स्पर्धेत हे दोन्ही एजंट वारंवार दिसले. अशा वेळी समजा आपण स्काय खेळता. आपले फ्लॅश तेच असतात, पण त्यांच्यासमोर आता निसटणारा चेंबर नसून किलजॉयचा टरेट आणि अलार्मबॉट असतात. म्हणजे आधी ती यंत्रे फोडायची आणि मग फ्लॅश टाकायचा. क्रम बदलला नाही तर फ्लॅश यंत्रांवर वाया जातो. म्हणूनच प्रश्न ३ मध्ये शत्रूचे एजंट वाचायला सांगितले आहे.

८. एखाद्या क्षमतेचे चार-पाच सेकंद कमी केले. एवढ्याने खरोखर काय होते?

शंभर सेकंदांच्या राउंडमध्ये चार सेकंद पुष्कळ असतात. जेटची धाव पाहा. एप्रिल २०२२ च्या ४.०८ पॅचआधी कळ दाबताच ती निसटत असे, त्यामुळे ऑपरेटर घेऊन कोणत्याही कोपऱ्यात उभे राहण्याचा धोका तिला जवळपास नव्हता. त्या पॅचने धाव आधी सज्ज करण्याची अट घातली आणि सज्ज स्थिती १२ सेकंद टिकेल असे ठरवले. ऑगस्ट २०२३ च्या ७.०४ पॅचने तो अवधी साडेसात सेकंदांवर आणला.

आक्रमक संघासाठी यातून एक सरळ डाव निघतो. साइटच्या तोंडाशी पावलांचा आवाज करा, एखादा स्मोक टाका, आणि थांबा. जेटने धाव सज्ज केल्याचा आवाज आला की कोणीतरी एकाने मोठ्याने आठपर्यंत मोजावे. आठ झाल्यावर खरा हल्ला करावा. बारा सेकंदांच्या काळात हा डाव कठीण होता, कारण तेवढ्यात टाकलेला स्मोक विरून जायला येई. साडेसात सेकंदांत तो पुरतो. बचावातल्या जेटनेही आता पहिल्या आवाजाला भुलू नये. स्पाइक दिसल्याची किंवा दोनहून अधिक जणांची खात्रीची खबर मिळेपर्यंत धाव राखून ठेवावी.

९. नवा एजंट आला की पहिल्याच दिवशी रँकमध्ये घ्यावा का?

घेऊ नये. निदान तीन-चार अनरेटेड (रँकवर परिणाम न करणारे) सामने झाल्याशिवाय तरी नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये खेळातला पहिला भारतीय एजंट हार्बर आला तेव्हा आपल्याकडे प्रत्येक सामन्यात त्याच्यासाठी झुंबड उडत होती, आणि त्याच्या पाण्याच्या भिंतींनी स्वतःच्याच संघाची दृष्टी अडवली जाण्याचे प्रमाण चांगलेच होते. प्रेम समजण्यासारखे आहे, निकाल मात्र तसे नव्हते.

स्वतः खेळला नाही तरी नवा एजंट कोणता जुना नियम मोडतो हे मात्र पहिल्याच दिवशी माहीत करून घ्यावे. गेकोचा विंगमन स्पाइक लावू शकतो, त्यामुळे मार्च २०२३ पासून स्पाइक लावताना बंदूक खाली असलेला खेळाडू सापडेलच असे गृहीत धरता येत नाही. मार्च २०२४ मध्ये आलेली क्लोव्ह मेल्यानंतरही आपण पडलो त्या जागेच्या आसपास स्मोक टाकू शकते. आधी कंट्रोलर (स्मोक टाकणारा एजंट) मेला की साइट उघडी पडली असे मानून बचाव पुढे सरकत असे. क्लोव्ह समोर असेल तर तसे मानू नये.

१०. नकाशे काढतात आणि घालतात. सगळ्या नकाशांची तयारी करणे शक्य आहे का?

रँकमध्ये एका वेळी सातच नकाशे असतात, त्यामुळे ओझे वाटते तेवढे नाही. ही फिरती पद्धत जून २०२२ मध्ये पर्ल आल्यावर आणि स्प्लिट काढल्यावर सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये स्प्लिट बदल होऊन परतला, लोटस नवा आला, आणि ब्रीझ व बाइंड बाहेर गेले. काढलेला नकाशा पुन्हा येतो, म्हणून जुनी टिपणे फेकून देऊ नयेत. मात्र परतलेल्या नकाशातला प्रत्येक कोपरा तपासावा, कारण एखादे खोके हलवले तरी जुना पाठ केलेला लाइनअप (क्षमता फेकण्याची ठरलेली जागा व दिशा) भिंतीवर आपटतो.

११. लोटसवर आमचा बचाव नेहमीच उशिरा पोहोचतो. काय चुकते?

हा नकाशा पश्चिम घाटात कल्पिलेला आहे, त्यामुळे मराठी खेळाडूंना तो जवळचा वाटतो, पण त्याचा स्वभाव सोपा नाही. हेवनप्रमाणे त्याला तीन साइट आहेत, आणि बचावात पाचच माणसे. दोन साइटच्या नकाशावर चालणारी दोन-एक-दोन ही मांडणी येथे अंगलट येते, कारण मधल्या साइटवरच्या एकट्या माणसाला दोन्हीकडे धावावे लागते.

लोटसवरची फिरती दारे मोठा आवाज करतात. बहुतेक संघ या आवाजाला घाबरून लगेच धावतात, आणि नेमके तेच आक्रमकाला हवे असते : एकाने दार फिरवायचे, चौघांनी दुसऱ्या टोकाला उभे राहायचे. आमच्या अनुभवात दाराच्या आवाजावर एकानेच हलावे आणि दुसरी खूण, म्हणजे पावले, क्षमता किंवा दिसलेला माणूस, मिळेपर्यंत बाकीच्यांनी जागा सोडू नये. फोडता येणारे दार शाबूत आहे की नाही, हेही एकाने सतत सांगत राहावे.

१२. अबिसवर कडेवरून पडून मरतो. यावर काही डावपेच आहे का?

जून २०२४ मध्ये आलेल्या या नकाशाला कडेच्या भिंती नाहीत. पाठीमागे पोकळी असलेल्या कोपऱ्यात उभे राहू नये, एवढेच. ढकलणाऱ्या क्षमता असलेले एजंट समोर असतील तर हे अधिक कटाक्षाने पाळावे.

१३. नवे डावपेच स्विफ्टप्ले या छोट्या प्रकारात तपासले तर चालतील का?

नेमबाजी, लाइनअप आणि क्षमतांचा वेळ तपासायला चालतील. पैशांचे डावपेच नव्हे. तेथे पाच राउंड जिंकणारा विजयी होतो आणि क्रेडिट ठरावीक पद्धतीने मिळतात, त्यामुळे प्रश्न ४ मधले तिसऱ्या राउंडचे गणित तेथे लागूच होत नाही.

१४. व्यावसायिक संघ जे खेळतात तेच आम्ही का खेळू नये?

खेळावे, पण दोन गोष्टी पाहून. एक, स्पर्धा अनेकदा आधीच्या पॅचवर खेळवल्या जातात, म्हणजे आपण काल पाहिलेला सामना कदाचित आजच्या नियमांचा नसतो. दोन, त्यांचे पाच जण रोज एकत्र सराव करतात. आपल्या रँक सामन्यात दोघे बोलतात, एक गाणी लावतो, एक पहिल्या राउंडनंतर निघून जातो. पाच जणांच्या एकाच क्षणी होणाऱ्या हालचालीवर आधारलेला डाव तेथे उचलू नये. एका माणसाने उभे राहण्याची जागा, एका स्मोकची दिशा, एवढे उचलावे.

१५. हरत असताना बंदूक वाचवावी की नाही? नव्या किमतींनी यात फरक पडतो का?

बंदूक जितकी महाग, तितकी ती वाचवण्यात अर्थ, म्हणून किंमत बदलली की उत्तरही बदलते. पण एक अपवाद पुष्कळांना ठाऊक नसतो. आक्रमक म्हणून स्पाइक न लावता वेळ संपेपर्यंत जिवंत राहिलात, किंवा बचावात स्पाइक फुटूनही वाचलात, तर हरल्याबद्दल मिळणाऱ्या रकमेऐवजी केवळ १००० क्रेडिट मिळतात. म्हणजे सलग तिसऱ्या हरलेल्या राउंडला २९०० ऐवजी १०००, असा १९०० चा तोटा. १६०० ची स्पेक्टर वाचवण्यासाठी १९०० गमावणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ऑपरेटर असेल तर जरूर लपावे.

१६. ओव्हरटाइममध्येही हेच सगळे हिशेब लागू होतात का?

नाही. १२-१२ अशी बरोबरी झाल्यावर प्रत्येक राउंडला प्रत्येकाला ५००० क्रेडिट मिळतात आणि मागची शिल्लक मोजली जात नाही, त्यामुळे वाचवणे, हरण्याची रक्कम आणि प्रश्न १५ मधला अपवाद हे सर्व निरर्थक ठरते. तेथे किमतीचा एकच प्रश्न उरतो : पाच हजारांत काय बसते. व्हँडल आणि जड शील्ड घेतले तर क्षमतांना ११०० उरतात. ऑपरेटर घेतला तर ३०० उरतात आणि हलके शील्डही येत नाही, म्हणजे तो माणूस १०० चा राहतो आणि त्याला मार्शलची अंगावर बसलेली एक गोळीही पुरते. यावर एक तोड आहे. सहकारी आपल्यासाठी बंदूक विकत घेऊ शकतो, शील्ड घेऊ शकत नाही. तेव्हा ऑपरेटरचे पैसे दुसऱ्याने भरावेत आणि नेमबाजाने स्वतःच्या क्रेडिटमधून जड शील्ड व क्षमता घ्याव्यात. पैसे भरणारा त्या राउंडला क्लासिक पिस्तुलावर उभा राहतो, म्हणून ते काम स्मोक टाकून मागे राहणाऱ्याकडे द्यावे, सर्वांत आधी आत शिरणाऱ्याकडे नव्हे.